डालसूचं काळीज

काळीज हरवलंय हे माझ्या लक्षात आलं ते मंगळवारी दुसऱ्या तासाला, एका हातात फुप्फुसं आणि दुसऱ्या हातात जठर असताना.

आधीच सांगून टाकते, काळीज माझं नव्हे, डालसूचं. आणि काळीज म्हणजे हृदय समजू नका. हृदय जागच्या जागी होतं. पुस्तकात ज्याला यकृत म्हणतात आणि माझ्या मावशीच्या दुकानात ज्याचे काप करून मिठाबरोबर देतात, ते काळीज. पोटातला सगळ्यात मोठा अवयव. तो हरवणं म्हणजे घरातून कपाट हरवण्यासारखं आहे. लोक सुया हरवतात, छत्र्या हरवतात. मी काळीज हरवलं. मी लहानसहान काही करतच नाही.

डालसू हा आमच्या शाळेतला प्लास्टिकचा माणूस. डोक्यापासून कमरेपर्यंतच आहे. हात नाहीत, पाय नाहीत, अर्धा चेहरा कातडीसकट आणि अर्धा कातडीविना. पोटाचं झाकण काढलं की आतून एकोणीस भाग सुटे होतात. नाव मी ठेवलं. त्याची खरी जागा प्रयोगशाळेतल्या कपाटात, पण ऑगस्टपासून तो माझ्या वर्गात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. ती खुर्ची रिकामी होती, आणि रिकाम्या खुर्चीशेजारी बसून गणितं सुटत नाहीत. बसून बघा एकदा.

सोलमे गावच्या आमच्या माध्यमिक शाळेत मुलं सहा. पहिल्या वर्षात तीन, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. ती एक म्हणजे मी, बान चोरोक. ऑगस्टपर्यंत तिसऱ्यातही दोन होत्या, मी आणि दासोम. मग दासोमच्या वडलांना देजॉन शहरात नोकरी लागली आणि ते सगळं कुटुंब एका टेम्पोत मावून निघून गेलं. मागं राहिली ती तिची आजी, खालच्या आळीत, आणि खुर्ची.

दासोम होती तोवर मी बोलत नसे. खरंच सांगते. सकाळी हजेरीला वर्गाच्या सरांनी "बान चोरोक" असं पुकारलं की दासोम म्हणायची, "दोघी हजर." दुकानात माझं आईस्क्रीम तीच मागायची. माझं पोट दुखलं तर "हिचं पोट दुखतंय" हेही तीच सांगायची, आणि कुठे दुखतंय तेही बरोबर सांगायची. ती गेल्यावर पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव पुकारलं. वर्गात शांतता. माझ्याशिवाय वर्गात कुणी नव्हतंच, तरी सरांनी दुसऱ्यांदा पुकारलं, कारण नियम तो नियम. तेव्हा मी म्हणाले, "हजर." आवाज एवढा मोठा निघाला की खिडकीतलं कबूतर उडालं. मला तो आवाज फार आवडला. तेव्हापासून मी थांबलेलेच नाही. शिंकले तरी दोन वाक्यं जोडून शिंकते.

पुढचं सगळं रामायण त्या आवाजामुळे झालं.

ओ सर, म्हणजे ओ आडनावाचे सर, आम्हाला विज्ञान शिकवतात. ते एकूण तीन शाळांचे सर आहेत. मंगळवार-शुक्रवार आमचे, बाकीचे दिवस डोंगरापलीकडच्यांचे. त्यांनी सांगितलं, ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी खुला वर्ग आहे. पालक येणार, शिक्षण कार्यालयातून अधिकारी येणार, आणि यंदा वरून अशी सूचना आलीय की मुलांनीच मुलांना शिकवायचं. विषय, मानवी शरीरातल्या संस्था. दुसऱ्या वर्षाच्या दोघींना तिसऱ्या वर्षानं शिकवायचं.

"कोण तयार आहे?" सरांनी विचारलं. त्यांच्यासमोर मी आणि डालसू.

"मी!"

"विचार करून सांग."

"केला!"

घरी येऊन मावशीला सांगितलं. आई-बाबा उल्सानला कारखान्यात असतात, मी मावशीकडे. मावशीचं बसथांब्यासमोर सुन्देचं दुकान आहे. डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरून वाफवायच्या, सोबत काळजाचे आणि फुप्फुसाचे काप. ती आतडी धुता धुता म्हणाली, "काल-परवापर्यंत जेवताना मीठ मागायला लाजत होतीस. आता साहेबासमोर मास्तरीण व्हायचंय? काळीज सुजलंय तुझं."

आमच्याकडे असंच बोलतात. धीट माणसाचं काळीज मोठं, घाबरलेल्याचं सोयाबीनच्या दाण्याएवढं, आगाऊ माणसाचं सुजलेलं, आणि जो अगदीच हाताबाहेर गेला त्याचं तर काळीज पोटाबाहेर आलेलं. उगाच खिदळणाऱ्याच्या फुप्फुसात वारं शिरलेलं असतं, आणि ज्याला अपमान कळत नाही त्याला पित्ताशयच नसतं. म्हणजे शरीरशास्त्र आमच्या गावात सगळ्यांना येतं. ते परीक्षेत चालत नाही, एवढंच.

त्याच संध्याकाळी मी दासोमला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

"शुक्रवारी?" ती म्हणाली. "त्या दिवशी आमच्या शाळेचा वर्धापनदिन. सुट्टी आहे."

"मग झालं तर! दहा-चाळीसची बस. वर्गाच्या खिडकीतून थांबा दिसतो. मी बघत राहते."

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. पूर्वी फोनवर गप्प बसायचं काम माझं होतं, त्यामुळे मला हे जरा नवीन होतं.

"येते," ती म्हणाली.

"शपथ?"

"शपथ."

आता सांगायला हरकत नाही. साहेब, पालक, वरची सूचना, मला कुणाचं काही पडलं नव्हतं. मला एकाच माणसाला ऐकवायचं होतं. दासोम मला पहिल्या इयत्तेपासून ओळखते, पण तिनं मला बोलताना कधी ऐकलेलंच नव्हतं. फोनवर बोलणं वेगळं. फोनवर काय, कुणीही बोलतं.

तर मंगळवार. तालमीसाठी डालसूचं पोट उघडलं, भाग मोजले, अठरा. पुन्हा मोजले, अठरा. ऑगस्टपासून मी त्याचं पोट उघडलंच नव्हतं. शेजाऱ्याचं पोट कुणी उघडून बघत नाही. बाकं हलवली, कपाट उपसलं, पहिल्या वर्षाच्या तिघांची दप्तरं तपासली. त्यात एक मेलेला नाकतोडा आणि माझं खोडरबर सापडलं. काळीज नाही.

मी कार्यालयात गेले. आमचं कार्यालय म्हणजे एकट्या ग्वाक बाई. त्या शाळेतल्या प्रत्येक खुर्चीचा क्रमांक तोंडपाठ म्हणतात.

"काय हरवलं?"

"काळीज."

"कुणाचं?"

"डालसूचं."

"कितवीत आहे?"

"मानवी धड, बाई. प्लास्टिकचं."

बाईंनी नोंदवही काढली. मानवी धड, नग एक, सुटे भाग एकोणीस. त्या एकोणीसवर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझंच काळीज दाण्याएवढं झालं.

"नवीन मागवता येईल का? नुसतं काळीज?"

"नुसतं मिळत नाही. अख्खा माणूस घ्यावा लागतो."

"मग अख्खा माणूस मागवा."

"जुना बाद केल्याशिवाय नवा मागवता येत नाही."

"मग जुना बाद करा."

"बाद करायचा तर सगळे भाग जमा करावे लागतात. एकोणीस. तुझ्याकडे अठरा आहेत."

"एक नाही म्हणून तर बाद करायचा ना बाई!"

"एक नाही म्हणूनच करता येत नाही."

बाई काही दुष्ट नाहीत. त्यांनी मला हरवल्याचा अर्ज दिला, तीन प्रतींत भरायचा. 'वस्तू शेवटची कोठे पाहिली?' मी लिहिलं, पोटात. 'वस्तूअभावी काम किती दिवस चालू शकेल?' या प्रश्नावर मी बराच वेळ अडले. साधा माणूस असता तर एक दिवससुद्धा नाही. डालसूचं तर गेले कित्येक दिवस चाललं होतं, आणि तक्रारीचा शब्द नाही. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात मी माझं नाव घातलं. दुसरं कुणाचं घालणार?

मावशीनं ऐकलं आणि हात पुसले. "एवढंच ना? काळीज म्हटलं की काळीज." आणि बुधवारी सकाळी तिनं वाफवलेलं अख्खं डुकराचं काळीज डब्यात घालून दिलं. ते डालसूच्या पोटात असं बसलं, जणू त्याच्यासाठीच शिवलेलं. थोडी वाफ येत होती, पण त्यामुळे माणूस जिवंत वाटत होता.

दुसऱ्या वर्षाच्या दोघी म्हणजे नारे आणि हासोन. नारे प्रश्न विचारते, हासोन हसते. त्यांची कामं ठरलेली आहेत.

"ताई, यकृत काय करतं?" नारे.

"पित्त तयार करतं, साखर साठवतं, रक्तातलं विष निवडून काढतं."

"आणि मीठ?"

"मिठाचं काय?"

"मीठ आणलंय का?"

हासोन हसली. मी दोघींना झापलं आणि शिकवायला लागले, तेवढ्यात ग्वाक बाईंनी तिसऱ्या प्रतीवर सही राहिली म्हणून बोलावलं. पाच मिनिटांत परत आले. डालसूचं पोट रिकामं, दोघींचे गाल भरलेले.

"गार होत होतं, ताई," नारे म्हणाली.

पचनसंस्थेच्या तालमीत यकृत पचलं. असा प्रसंग शिक्षणाच्या इतिहासात दुसरा घडला असेल असं मला वाटत नाही.

मी हे मावशीला सांगायला नको होतं, कारण मावशीनं ते गावप्रमुखांना सांगितलं, आणि गावप्रमुखांना काहीही सांगितलं की ते भोंग्यावर जातं. गुरुवारी सकाळी मी दात घासत असताना आधी गाण्याचं एक कडवं वाजलं, मग ते खाकरले.

"आ, आ. गावप्रमुख बोलतोय. लसणाचं बियाणं आलंय, आजच्या आज घेऊन जा. दुसरं, आपल्या सुन्देवाल्या बाईंची भाची चोरोक, तिला उद्यापर्यंत काळीज हवंय. शाळेतल्या पुतळ्याचं हरवलंय. कुणाकडे असेल त्यानं ताबडतोब आणून द्यावं. वापरलेलं चालेल."

वरच्या आळीला हे सगळं नीट ऐकू गेलं आणि त्यांनी लसूण नेला. पण खालच्या आळीचा भोंगा गेल्या वादळापासून अर्धी वाक्यं गिळतो. त्यांनी ऐकलं ते एवढंच: भाची चोरोक, उद्यापर्यंत, काळीज, ताबडतोब.

आठ वाजायच्या आत दुकानासमोर रांग. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचं सार आलं, काळजाला थंड म्हणून. मनुकाझाड नावाच्या झाडाच्या काढ्याच्या दोन बाटल्या आल्या, तोही काळजाचाच उपाय. एकीनं समुद्री माशाचं गोठवलेलं काळीज आणलं. "डॉक्टरला विचार, बसतंय का." मला कुणी काही बोलू देईना. मी, जी तीन महिने गावाला बोलून बोलून भंडावून सोडत होते, ती तोंड उघडायची आणि समोरची म्हणायची, "हां, तशीच राहा, जीभ बघू." एका काकूंनी माझ्या पापण्या उलटून डोळे पिवळे असल्याचं जाहीर केलं. मी पिवळा स्वेटर घातला होता.

शेवटी ब्योन आजोबा आले. ते खालच्या आळीच्या टोकाला एकटे राहतात. बायको गेल्यापासून चार वर्षांत त्यांना कुणाशी बोलताना मी पाहिलं नव्हतं. ते दुकानात आले, टोपी काढून हातात धरली.

"रक्तगट कुठला तुझा?"

"बी. पण आजोबा..."

"माझा ओ. कुणालाही चालतो. साठ वर्षं दारू पाजलीय त्याला, पण अर्धं तरी बरं निघेल. ते घे. मला एकट्याला एवढं काय करायचंय?"

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आजोबा, प्लास्टिकचं आहे! प्लास्टिकचं!"

"प्लास्टिक सर्जरी नंतर कर," ते म्हणाले. "नाक ठीक आहे तुझं. आधी काळजाचं बघ. उद्या किती वाजता?"

"दहाला, पण तो वर्ग आहे, शाळेत..."

"उपाशीपोटी येतो," असं म्हणून त्यांनी टोपी घातली.

दासोमची आजीही खालच्याच आळीत राहते. तिनं काय ऐकलं आणि कुठे फोन लावला, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गुरुवारी दुपारी नारे आणि हासोन मान खाली घालून आल्या. शाळेमागची लाल माती आणून त्यांनी स्वतःच्या हातानं काळीज घडवलं होतं. वर रंग, रंगावर चकाकी. काम सुबक होतं. फक्त मोठं झालं होतं. पश्चात्ताप जरा जास्त झाला असावा.

"वाळल्यावर आक्रसेल, ताई."

आक्रसलं नाही. ते पोटात बसलं, पण वर झाकण लागेना. मावशी डबा द्यायला आली होती, तिनं डालसूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घ्या. याचंही पोटाबाहेर आलं. संगत कुणाची आहे!"

शुक्रवारी वर्गात सव्वीस माणसं जमली. खुल्या वर्गाला गेल्या वर्षी तिघं होती, त्यांतला एक नळ दुरुस्त करायला आलेला. ओ सर इतके आनंदले की त्यांनी दारात उभं राहून सगळ्यांना वाकून नमस्कार केले. साहेब तरुण होते, वही उघडून कोपऱ्यात बसले. खालची आळी पुढच्या रांगेत.

"रंग बरा दिसतोय पोरीचा."

"शेवटी शेवटी येतो असा तजेला."

मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. डालसूची ओळख करून दिली, तोंडापासून घास सोडला, अन्ननलिकेतून जठरात, जठरातून आतड्यात. आतड्यापाशी मावशीनं आपणहून दोन माहितीच्या गोष्टी सांगितल्या, त्या बरोबर होत्या. श्वसनसंस्थेला सगळ्यांनी खोल श्वास घेतला, हासोनच्या फुप्फुसात वारं शिरलं, तिला दाराबाहेर उभं केलं. घड्याळात दहा-पस्तीस.

रक्ताभिसरणासाठी मी सांगितलं, प्रत्येकानं शेजाऱ्याचं मनगट धरून नाडी मोजायची. जोड्या लागल्या. ब्योन आजोबा उरले. कोट घालून, केस पाण्यानं बसवून, ते एकटेच हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्यांना जोडीदार मिळाले होते. मी जाऊन त्यांचं मनगट धरलं. थंडगार हात. मी मोजायला लागले आणि त्यांच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघायला लागले.

एकसष्ट, बासष्ट. वळणावर बस दिसली. चौसष्ट. थांब्यावर थांबली. सदुसष्ट. दार उघडलं.

मनगट सोडून मी पळाले.

मागे कुणीतरी किंचाळलं, "सुरू झालं! धरा तिला!" मी मैदान ओलांडलं, फाटक ओलांडलं, मावशीच्या दुकानासमोरून धावले, आणि बसच्या पायरीशी पोचले तेव्हा चालककाका खाली उतरत होते. हातात थर्माकोलचा डबा.

"चोरोक तूच ना? घे. काळीज आहे म्हणाली. जपून ने म्हणाली."

मी त्यांच्या बाजूनं आत बघितलं. मग आत चढून बघितलं. दोन म्हाताऱ्या, कोबीची पोती. मी सीटखालीसुद्धा वाकून पाहिलं. का ते विचारू नका.

"आणखी कुणी नाही?"

"होती की. तिकीट काढून चढली, खिडकीपाशी बसून काहीतरी लिहीत होती. मी गाडी सुरू केली तशी उठली, उतरली, आणि हे माझ्या हातात दिलं." काकांनी टोपी मागे सारली. "रडत होती. म्हटलं माल महत्त्वाचा असेल."

डब्यात आमच्या शाळेचा खेळाचा शर्ट होता, शर्टात डालसूचं काळीज, आणि वर चिठ्ठी. मी ती फाटकाशी उभी राहून वाचली.

"चोरोक, आजीचा फोन आला, तुला काळीज हवंय म्हणून. ती रडत होती. कुठलं काळीज ते मला लगेच कळलं. मीच नेलंय. शेवटच्या दिवशी प्रयोगशाळा झाडताना तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा. इथं वर्गात तीस जण आहेत आणि मला बोलता येत नाही. मला वाटायचं तू घाबरट आहेस आणि मी धीट. पण मला फक्त दोघींसाठी बोलता येत होतं. इथं नवी मुलगी मुकी आहे म्हणतात. मी हे दप्तरात ठेवते आणि हजेरीच्या वेळी त्यावर हात ठेवते. आज येणार होते. पण आले तर परत जायची नाही, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं. तू मोठ्यानं बोल. दासोम."

मी वर्गात परत आले. सव्वीस माणसं उभी होती. मी डबा टेबलावर ठेवला आणि काळीज बाहेर काढून उंच धरलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

"एकोणीस!" ग्वाक बाई मागून ओरडल्या. त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेब झरझर लिहायला लागले. नंतर कळलं, त्यांनी लिहिलं होतं, 'अवयवाचे आगमन प्रत्यक्ष घडवून उत्सुकता निर्माण केली. नियोजन उत्तम.'

"म्हणजे पोरीचं नव्हेच?" पुढच्या रांगेतून आवाज आला.

"पुतळ्याचं?"

"मग माझी गोगलगाईंची अख्खी टोपली!"

ब्योन आजोबा शांतपणे म्हणाले, "मग मी उपाशी का आहे?"

गोंधळ शमेना. त्यात नारेनं हात वर केला. त्या मुलीला जगबुडीतही प्रश्न पडेल. "ताई, आजोबांनी खरंच अर्धं काळीज दिलं असतं, तर मग त्यांचं काय?"

हे मला येत होतं. ते मी पाठ केलं होतं. "यकृत हा एकच असा अवयव आहे," मी म्हणाले, "की कापून दिला तरी उरलेला भाग पुन्हा वाढतो. काही महिन्यांत पुरेसा होतो."

"आणि ज्याला तुकडा दिला, त्याच्याकडचा?"

"तोही वाढतो."

"दोन्हीकडे?"

त्यावर 'हो' म्हणायचं होतं. एवढंच. एक अक्षर. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. ऑगस्टपासून पहिल्यांदा. सगळे माझ्याकडे बघत होते, हासोनसुद्धा दारातून, न हसता. मी ते काळीज धरून उभी होते आणि माझ्या बाजूच्या खुर्चीवर डालसू होता, आणि त्याला तोंड अर्धंच आहे.

"हो म्हणतेय ती," ब्योन आजोबा मागे वळून सगळ्यांना म्हणाले. "दोन्हीकडे वाढतं. लिहून घ्या."

नारेनं लिहून घेतलं. साहेबांनीही.

वर्ग संपल्यावर गावानं आणलेलं सगळं सार मावशीनं गरम केलं आणि ब्योन आजोबांना पहिल्या टेबलाशी बसवलं. "तीन वाट्या संपवल्याशिवाय उठायचं नाही. साठ वर्षांचा हिशोब आहे," ती त्यांना म्हणाली. ते म्हणाले, "दारू असती तर सार उतरलं असतं." ती म्हणाली, "पोरीला अर्धं कबूल केलंत ना, मग निम्म्यावर तिचा हक्क आहे. तिला विचारा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. ते निमूट सार प्यायले.

मी शाळेत परत गेले. डालसूच्या पोटातून मातीचं काळीज काढून खरं बसवायला हवं होतं. ओढून पाहिलं, पण चकाकीचा रंग ओला असताना दोघींनी ते बसवलेलं. आता ते आतल्या आत घट्ट चिकटलं होतं. अजून जोर लावला असता तर निघालं असतं. मी लावला नाही. प्लास्टिकचं काळीज शर्टात गुंडाळून डब्यात ठेवलं आणि कागद घेतला. हल्ली मी पत्र लिहायला बसले तर आठ पानं होतात. त्या दिवशी एवढंच झालं:

"हे तुझ्याकडेच ठेव. इथलं पुन्हा उगवलंय, जरा जास्तच. हजेरीच्या वेळी आधी श्वास घे, मग मोठ्यानं. पहिल्या दिवशी कबूतर उडतं. दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीत बसत नाही."

फाटकाशी ग्वाक बाईंनी अडवलं. डब्याकडे बघितलं.

"शाळेची वस्तू बाहेर चाललीय."

"भाग एकोणीसच आहेत, बाई. मोजून घ्या."

त्या खरंच वर जाऊन मोजून आल्या. एकोणीस. मग नोंदवही उघडली. "आणि रकान्यात काय लिहू? कारण लागतं."

"यकृत पुन्हा वाढले."

बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. मग ते पेन्सिलीनं लिहिलं, म्हणजे कुणी विचारलं तर खोडता यावं. अजून कुणी विचारलेलं नाही.

चार-दहाच्या बसला तेच चालककाका होते. त्यांनी डबा ओळखला.

"हेच ना सकाळी आलं? आता परत?"

"हो."

"खराब होणारा माल नाही ना? गाडीला उशीर झाला तर?"

"नाही होत, काका. देजॉनला सकाळचीच मुलगी न्यायला येईल."

त्यांनी तो आपल्या सीटमागे, ऊन लागणार नाही असा ठेवला. बस वळणापर्यंत दिसते. मग पुढे डोंगर येतो.

सोमवारी सकाळी हजेरी झाली. "बान चोरोक." मी म्हणाले, "हजर." मग घड्याळाकडे पाहिलं. आठ-चाळीस. देजॉनलाही याच वेळेला हजेरी होते, मी विचारून ठेवलंय. तीस नावं असतात, त्यामुळे जरा वेळ लागत असेल. वर्गाच्या सरांनी पुस्तक उघडलं तरी मी काही बोलले नाही; मी कान देऊन बसले होते. डालसूही, पोट उघडं टाकून.